रिनोव्हेशन झालं, पण लादीवरचा पांढरा थर जात नाही. अ‍ॅसिड मारू द्यायचं का?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा जुना टू बीएचके आहे, गणपती झाल्यावर काम काढलं होतं ते आत्ता कुठे आटोपलंय. दोन्ही बेडरूम आणि पॅसेजमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स लावल्या, हॉलमधली जुनी मोझॅक लादी काढली नाही, सासऱ्यांनी हौसेने बसवलेली होती म्हणून तिलाच मशीनने पॉलिश करून घेतलं, आणि ती इतकी सुंदर निघाली की आता नवीन टाइल्सपेक्षा तीच जास्त आवडतेय. बाल्कनीत कोटा, ओट्याला काळं ग्रॅनाइट, ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे, हॉल आणि बेडरूमला पीओपीचं सीलिंग, सगळीकडे लांबी (पुट्टी) भरून प्लास्टिक पेंट.

प्रॉब्लेम असा की बेडरूमच्या टाइल्सवर एक पांढरट धुरकट थर आहे, ओल्या फडक्याने पुसलं की दिसेनासा होतो आणि सुकलं की परत जसाच्या तसा. काही ठिकाणी हाताला खरखरीत लागतं. शिवाय घरभर पांढरी धूळ आहे, सकाळी पुसलेलं कपाट संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येईल असं होतं, खिडक्या बंद असताना सुद्धा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की परवा माणूस पाठवतो, तो अ‍ॅसिड मारून देईल, अर्ध्या दिवसात सगळं घर चकाचक. कॅन तर आणून बाथरूममध्ये ठेवलाय पण, त्यावर ना लेबल ना काही. मला ते काही बरं वाटत नाहीये. सासूबाईंना दमा आहे, त्या सध्या बदलापूरला नणंदेकडे आहेत आणि संक्रांतीच्या आत त्यांना घरी आणायचंय. तर अ‍ॅसिड मारू द्यायचं का, नसेल तर काय करायचं, आणि धुळीचं काय, कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

साइटसुपरवायझर_ठाणे

ताई, परवा येणाऱ्या माणसाला आजच फोन करून थांबवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

कारण सांगतो. तुमच्या घरात मोझॅक, कोटा आणि कडाप्पा तिन्ही आहेत. कोटा आणि कडाप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट. ह्या सगळ्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि साइटवर जे अ‍ॅसिड मारतात ते हायड्रोक्लोरिक, ते कॅल्शियम कार्बोनेट खातं. टाकल्यावर बारीक फेस येतो ना, लोक म्हणतात बघा कशी घाण निघतेय, अहो ती घाण नाही, तुमची लादी निघतेय. पैसे देऊन केलेलं पॉलिश एका मगात जाईल आणि पुन्हा मशीन लावल्याशिवाय येणार नाही. तुमच्या सासऱ्यांच्या मोझॅकवर तर एक थेंब पडू देऊ नका.

आता बेडरूम. व्हिट्रिफाइड टाइलला स्वतःला ह्या अ‍ॅसिडने सहसा काही होत नाही, म्हणूनच हे लोक बिनधास्त मारतात. पण टाइलच्या सांध्यात जे ग्राउट भरलंय ते सिमेंटचं असेल तर ते पोखरलं जातं, वरून दिसत नाही, सहा-आठ महिन्यांनी सांधे काळे पडायला लागतात, भुरभुरतात, बाथरूम असेल तर तिथून पाणी झिरपायला लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याची वाफ. बंद घरात अ‍ॅसिड मारलं की ती वाफ नळांच्या क्रोमवर, कपाटांच्या बिजागऱ्यांवर, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर, स्टीलच्या सिंकवर बसते. नवीन नळावर आठवड्याभरात तांबूस ठिपके दिसले की लोक नळाच्या कंपनीला शिव्या घालतात. दम्याच्या पेशंटच्या घरात तर हा विषयच नको.

तुमचा तो थर बहुतेक ग्राउटचा आहे. सांधे भरताना ग्राउट सगळ्या टाइलवर फासलं जातं, मिस्त्रीने ते ओलं असतानाच स्पंजने दोन-तीनदा पुसून घ्यायला पाहिजे, पण संध्याकाळ झालेली असते, एकच बादली, तेच गढूळ पाणी, त्याच पाण्याने सगळ्या खोल्या पुसतात आणि पातळ सिमेंटचा हात फिरवल्यासारखं होतं. थोडी पीओपीची आणि लांबीची पूडही त्यात असणार. हे दोन वेगळे आहेत आणि ओळखायची पद्धत सोपी आहे. एका टाइलवर स्वच्छ पाणी टाका, पाच मिनिटं राहू द्या, पांढऱ्या नायलॉनच्या घासणीने घासा, तारेची नको, ओरखडे पडतील. मग ते गढूळ पाणी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, पसरवायचं नाही, टिपायचं. परत नवीन पाणी, परत टिपणं. तिसऱ्या वेळेला पाणी जवळजवळ स्वच्छ आलं आणि सुकल्यावर टाइल साफ दिसली तर ती नुसती पूड होती, सगळ्या घराला हाच उपाय. सुकल्यावरही धुरकट राहिली आणि नखाला खर लागली तर ते घट्ट झालेलं ग्राउट आहे, त्याचा उपाय वेगळा, तुम्ही करून बघा आणि इथे लिहा मग सांगतो.

अजून एक, सांधे इपॉक्सीने (म्हणजे रेझिनच्या ग्राउटने) भरलेत की सिमेंट ग्राउटने हे कॉन्ट्रॅक्टरला विचारा. इपॉक्सी असेल तर त्याचा थर चिकट, किंचित चमकदार असतो आणि त्याला पाणीही लागत नाही, अ‍ॅसिडही लागत नाही, त्याचा वेगळा रिमूव्हर मिळतो.

---

रोखठोक_कल्याण

उगाच घाबरवू नका हो. आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला काम झाल्यावर अ‍ॅसिडच मारलंय, वर्षानुवर्षं मारतात, कोणाची लादी विरघळलेली बघितली नाही. पाण्यात मिसळून मारायचं आणि लगेच धुवायचं, झालं. दोन दिवस गुडघ्यावर बसून घासायला वेळ कोणाला आहे.

---

साइटसुपरवायझर_ठाणे

दादा, राग मानू नका पण तुमच्या सोसायटीत बहुतेक सगळीकडे व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक असणार, म्हणून लादी वाचली. सांधे बघा एकदा बाथरूममधले, वाकून, टॉर्च लावून. खड्डा पडलेला दिसेल. नुकसान त्या दिवशी दिसत नाही म्हणूनच ही पद्धत टिकली आहे, कॉन्ट्रॅक्टर तोपर्यंत पैसे घेऊन पुढच्या साइटवर गेलेला असतो.

आणि मारणाऱ्या माणसाचं काय? चपला घालून, तोंडाला रुमाल बांधून मारतो तो. मी साइटवर अशा माणसांना खोकत खोकत बाल्कनीत पळताना बघितलंय. त्यातून बाथरूममध्ये कोणी आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल आणि वर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. संडास साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्येही हेच अ‍ॅसिड असतं, म्हणून ते आणि ब्लीच कधीच एकत्र वापरायचं नाही, हे तर रिनोव्हेशन असो नसो प्रत्येक घरात माहीत पाहिजे.

ताई, तो बिनलेबलचा कॅन पण घरात ठेवू नका. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली, विकणाऱ्याने घेणाऱ्याचं ओळखपत्र बघून नोंद ठेवायची असते. कॉन्ट्रॅक्टरला सांगा ज्याने आणला त्याने परत न्यावा, मोरीत ओतून देऊ नका.

---

मृण्मयी_नौपाडा

वरच्या दादांनी लादीचं छान सांगितलंय, मी धुळीबद्दल लिहिते कारण तोच जास्त चिवट प्रकार आहे आणि त्यातच सगळ्यांचा अंत बघितला जातो.

पहिली गोष्ट, ताई, पाणी सगळ्यात शेवटी. आपल्याला लगेच बादली घेऊन बसायची सवय असते, पण पीओपी आणि लांबीची पूड पिठासारखी असते, तिच्यावर पाणी पडलं की त्याचा चिखल होतो आणि तो सांध्यात, दाराच्या चौकटीच्या फटीत, खिडकीच्या ट्रॅकमध्ये जाऊन बसतो, मग काढता काढता नाकी नऊ येतात. आधी जेवढं कोरडं निघेल तेवढं काढायचं, मग ओलसर फडकं, मग पाणी.

आणि कोरडं म्हणजे केरसुणीने झाडणं नाही! झाडलं की निम्मी धूळ हवेत जाते आणि रात्रभर हळूहळू खाली बसते, तुमचं सकाळचं कपाट संध्याकाळी पांढरं होतं ते ह्यामुळेच. सुतारकाम झालंय ना, तर सुताराकडे भुसा असेलच, तो गाळून घ्या म्हणजे खिळे-चुका राहणार नाहीत, त्यावर थोडं पाणी शिंपडून दमट करा, मुठीत दाबला तर पाणी गळता कामा नये इतपतच, आणि तो खोलीभर पसरून मग हलक्या हाताने झाडा. धूळ भुशाला चिकटते, उडत नाही. मोझॅक आणि कोट्यावर भुसा तसाच पडू देऊ नका, लगेच गोळा करा, लाकडाचा रंग उतरू शकतो.

व्हॅक्युम क्लीनर वापरणार असाल तर घरातला छोटा वापरू नका, ही पूड इतकी बारीक की फिल्टर चोंदतो आणि मोटर तापते, शिवाय साध्या फिल्टरमधून निम्मी धूळ मागून परत बाहेर येते. भाड्याने मोठा ओला-सुका व्हॅक्युम मिळतो, हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) असलेला बघा.

वरून खाली यायचं. सीलिंगच्या कडा, कोव्ह लाइटची खाच (तिथे मूठभर पूड असते, कोणी बघत नाही, आणि पंखा लावला की तिथूनच उडत राहते), मग पंखे, ट्यूबलाइट, दारांच्या वरच्या कडा, पडद्याचे रॉड, कपाटांचं छप्पर, स्विचबोर्ड, मग खिडक्या, सगळ्यात शेवटी लादी. स्विचबोर्ड आणि पंखे करताना एमसीबी खाली पाडून घ्या, फडकं फक्त ओलसर. आणि धूळ बाहेर जाईल म्हणून सीलिंग फॅन फुल स्पीडवर लावू नका, सगळे हेच करतात, खिडक्या उघड्या ठेवून किचन-बाथरूमचे एक्झॉस्ट चालू ठेवा.

एकदा सगळं झालं की घर बंद करून एक रात्र जाऊ द्या, परत तेच पहिल्यापासून. दुसऱ्या वेळेला फडकं बरंच कमी मळतं. तिसऱ्यांदा करावं लागलं तर कंटाळू नका, तुमचं चुकलंय म्हणून नाही, धूळ तशीच असते.

कामवाल्या मावशींकडून करून घेणार असाल तर त्यांना एन ९५ मास्क आणि रबरी हातमोजे तुम्ही आणून द्या, साडीचा पदर तोंडाला लावून हे काम होत नाही. टाइल्स कापलेली धूळ सिलिकाची असते, ती फुफ्फुसात जाऊन बसली की निघत नाही, आणि सिमेंटचं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की दिवसभर हात त्यात राहिले तर कातडी सोलते. नेहमीच्या झाडू-पोछ्याच्या पगारात हे काम बसवू नका, वेगळे पैसे ठरवा. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मावशींची बोटं इतकी फाटली होती की त्यांना आठवडाभर पोळ्या लाटता येत नव्हत्या, आणि पगार मात्र तेवढाच मिळाला.

---

डोंबिवलीकरीण

खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. माणसाला थांबवलं, कॅन परत पाठवला, कॉन्ट्रॅक्टर फोनवर थोडा चिडला पण नवऱ्याने बोलून घेतलं. ग्राउट सिमेंटचंच आहे म्हणाला.

टाइलची टेस्ट केली. लहान बेडरूममध्ये तिसऱ्या पाण्याला साफ निघालं, सुकल्यावर पण छान दिसतंय, म्हणजे तिथे नुसती पूडच होती. मोठ्या बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये मात्र सुकल्यावर परत धुरकट, विशेषतः सांध्यांच्या कडेने पट्टे दिसतात, नखाला खर लागते. तर पुढे काय?

अजून तीन गोष्टी निघाल्या. एक, किचनच्या नवीन नळाला पाण्याची धार अगदी बारीक येतेय, पहिल्या दिवशी चांगली होती. दोन, बाथरूममध्ये पाणी तुंबतंय, जातं पण सावकाश. तीन, वॉर्डरोबच्या दारांवर प्लास्टिकची फिल्म आहे ती सासूबाई येईपर्यंत ठेवूया असं नवरा म्हणतोय, खराब होऊ नये म्हणून, पण काही ठिकाणी ती निघायलाच तयार नाही.

---

साइटसुपरवायझर_ठाणे

नळ आणि बाथरूमचं आधी सांगतो कारण ते कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचंय.

नळाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, आटे फिरवून निघते. लाइन नवीन टाकली की पाइपात वाळू, प्लास्टिकचा कीस, टेफ्लॉन टेपचे तुकडे राहतात आणि ते सगळे त्या जाळीत येऊन अडकतात. जाळी काढा, नळ पूर्ण सोडून दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, जाळी धुऊन परत लावा. घरातल्या प्रत्येक नळाचं करा, शॉवरचं पण. वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या पाइपच्या तोंडाशीही अशीच जाळी असते, ती बघितल्याशिवाय मशीन लावू नका. आणि गिझरला जोडायच्या आधी लाइनमधून पाणी काढलं होतं का विचारा.

बाथरूमचं मात्र हलक्यात घेऊ नका. नहाणी ट्रॅपची वरची जाळी उचला आणि टॉर्च मारून बघा. बऱ्याचदा मिस्त्री टाइल्स पुसलेलं सिमेंटचं पाणी तिथेच ओततो, ते ट्रॅपच्या तळाला बसतं आणि दगड होतं. थोडं असेल तर आत्ता छिन्नीने हळूच निघतं, आत पाइपात गेलं असेल तर प्लंबरशिवाय पर्याय नाही, आणि हे काम कॉन्ट्रॅक्टरच्या खर्चाने व्हायला पाहिजे. शेवटचा हप्ता दिलाय का? दिला नसेल तर प्रत्येक मोरीत, बाल्कनीच्या आउटलेटमध्ये सुद्धा, एक एक बादली पाणी एकदम ओता आणि किती वेळात जातं ते त्याच्या समोर बघा, मगच पैसे.

आता टाइल्स. घट्ट झालेल्या ग्राउटला सौम्य अ‍ॅसिड लागतंच, पण ते हे नाही. सल्फॅमिक अ‍ॅसिडवाला ग्राउट हेझ क्लीनर (ग्राउटचा धुरकट थर काढणारा) टाइल्सच्या दुकानात मिळतो, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात करायचा. सांधे भरून निदान आठ-दहा दिवस झालेले पाहिजेत, तुमचे झालेत असं दिसतंय. आधी सगळी लादी साध्या पाण्याने ओली करा म्हणजे सांधे पाणी पितील आणि क्लीनर पिणार नाहीत, ही पायरी कोणी करत नाही आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. मग एका वेळेला चार-पाच टाइल्सच घ्या, लावा, नायलॉनच्या घासणीने घासा, दोन-तीन मिनिटांत टिपून घ्या, दोनदा स्वच्छ पाणी. शेवटच्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकला तर उरलेलं अ‍ॅसिड मरतं. पहिल्यांदा कॉटखाली जाणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. खिडक्या उघड्या, हातमोजे, आणि पॅसेज जिथे हॉलच्या मोझॅकला मिळतो तिथे उंबऱ्याच्या अलीकडे एक हात जागा सोडा, तेवढी नुसत्या पाण्याने आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा.

हे सगळं करूनही टाइलवर पावलांचे ठसे उठत राहिले तर घाबरू नका, काही पॉलिश्ड टाइल्सवर फॅक्टरीतूनच मेणाचा हात मारलेला असतो, तो कोमट साबणाच्या पाण्याने दोन-चार वेळा पुसल्यावर जातो.

---

रंधा_आणि_पटाशी

फिल्मबद्दल सांगतो, मी सुतारकामातला. फिल्म आजच काढा. जितकी राहील तितका तिचा गोंद पक्का होतो, ऊन लागणाऱ्या दारावर तर ती तुकड्या-तुकड्यानेच निघते. खिडक्यांच्या फ्रेमवरची, फ्रिजवरची, चिमणीवरची पण काढा. निघत नसेल तिथे हेअर ड्रायरने जरा गरम करून एका कोपऱ्यातून तिरकी ओढा. मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मऊ फडक्याने पुसा, मग भांड्याच्या साबणाचं पाणी. थिनर वापरायचा मोह होतो पण दारं अ‍ॅक्रिलिक फिनिशची असतील तर थिनरने कायमची पांढरी पडतात, यूपीव्हीसी खिडक्यांचं पण तेच.

लॅमिनेटच्या कडांना पाणी लागू देऊ नका, फडकं पिळून घ्या. कडपट्टी सुटायला सुरुवात होते ती पुसतानाच्या पाण्यानेच, विशेषतः सिंकखालच्या शटरची खालची कड. सगळ्या ट्रॉल्या बाहेर काढून मागचा भुसा काढा, सुतार समोरून साफ करून जातो आणि मागे भुसा, कापलेल्या पट्ट्या, खिळे-चुका तशाच राहतात, झुरळांना आयती जागा. बिजागऱ्या आणि ट्रॉलीचे चॅनेल कोरड्या ब्रशने साफ करा, तेल सोडू नका, तेलात धूळ बसून चॅनेल जाम होतात.

नवीन प्लायचा वास येत असेल तर शटर उघडी टाकून ठेवा, कपडे इतक्यात भरू नका. तो वास डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो, कापूर लावून किंवा रूम फ्रेशनर मारून तो जात नाही, फक्त झाकला जातो. हवा खेळती ठेवणं हाच उपाय आणि त्याला काही आठवडे लागतात.

---

सावली_सांगली

ताई, सासूबाईंच्या दृष्टीने दोन गोष्टी. माझ्या वडिलांना दमा आहे, आमच्याकडे रंगकाम झालं तेव्हा त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोललो होतो, तुम्हीही बोलून घ्या आणि इनहेलर जवळ राहील असं बघा. त्यांची खोली सगळ्यात आधी तयार करा, त्यात नवीन वॉर्डरोब असेल तर त्यांना काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपवा जिथे प्लायचं काम कमी आहे. जुन्या गाद्या, उशा, पडदे काम चालू असताना घरातच असतील तर त्यात धूळ भरलेली असणार, लादी चकाचक आणि गादीतून धूळ, असं व्हायचं. गादी बाहेर कडक उन्हात काठीने झोडपून घ्या, पडदे धुवा.

आणि एसी! काम चालू असताना एसी झाकलेला होता का? नसेल तर चालू करायच्या आधी पूर्ण सर्व्हिस करून घ्या, नुसती जाळी धुऊन भागत नाही, आत कॉइलवर पांढरी पूड बसलेली असते आणि पहिल्याच दिवशी ती सगळी खोलीत फेकली जाते.

---

कुडाळकर

मोझॅकबद्दल वाचून बरं वाटलं, लोक ती जुनी लादी उचकटून टाकतात तेव्हा जीव तुटतो. आमच्या गावच्या घरात लाल कोबा आहे, त्याचंही असंच, अ‍ॅसिड, लिंबू, व्हिनेगर काही चालत नाही. इंटरनेटवर सगळीकडे व्हिनेगरने पुसा असं सांगतात, ते मोझॅक, कोटा, कडाप्पा ह्यांना अजिबात वापरू नका, ते पण अ‍ॅसिडच. खात्री करायची असेल तर उरलेल्या कोट्याच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा, तिथली चमक गेलेली दिसेल.

रोजच्याला साधं पाणी, आठवड्यातून एकदा अगदी थोडा सौम्य साबण, आणि साबणानंतर परत साधं पाणी, नाहीतर साबणाचाच थर चढत जातो. कडाप्प्याच्या कप्प्यांवर चिंच, कोकम, लोणच्याच्या बरण्या थेट ठेवू नका, खाली ताटली ठेवा. सांडलं तर लगेच पुसायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

---

पत्रीपूल_रहिवासी

जरा वेगळा मुद्दा. राबिटच्या (तोडफोडीच्या मलब्याच्या) गोण्या कुठे गेल्या ते कॉन्ट्रॅक्टरला विचारलं का? आपल्याकडे रात्री टेम्पो भरून खाडीकडेला, नाल्यात नाहीतर कांदळवनात रिकामे करतात आणि मग पावसाळ्यात आपल्याच रस्त्यावर पाणी भरतं. बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा कचरा वेगळा ठेवून महापालिकेने ठरवलेल्या ठिकाणीच द्यायचा असतो, घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, आपल्याकडे वॉर्ड ऑफिसमध्ये विचारायचं. सोसायटीच्या जिन्याखाली अजून चार गोण्या पडल्या असतील तर त्या उचलल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. आणि उरलेल्या टाइल्स मात्र फेकू नका, प्रत्येक प्रकारच्या चार-पाच ठेवा, पुढे एखादी फुटली तर तोच शेड बाजारात मिळत नाही.

---

डोंबिवलीकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नळाची जाळी काढली, आत खरंच वाळू आणि पांढऱ्या टेपचे तुकडे होते, धार एकदम मोकळी झाली. नहाणी ट्रॅपमध्ये तळाला सिमेंटची चकती बसली होती, कॉन्ट्रॅक्टरचा प्लंबर येऊन काढून गेला, आता बादली भराभर जाते. गोण्या पण उचलल्या. शेवटचा हप्ता अजून हातात ठेवलाय, पॅसेजच्या टाइल्सना त्यानेच सल्फॅमिकवाला क्लीनर आणून माणूस द्यायचा असं ठरलंय, मी समोर उभी राहणार आहे. मावशींना मास्क आणि हातमोजे दिले, दोन दिवसांचे वेगळे पैसे ठरवले. एसी झाकलेला नव्हता, सर्व्हिसवाला शनिवारी येतोय.

शेवटचा प्रश्न, भिंतींवर मजुरांच्या हाताचे डाग आहेत, दोन-चार ठिकाणी बुटांचे पण. ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का? आणि पेंटरने टाइल्सवर आणि खिडकीच्या काचेवर रंगाचे शिंतोडे पाडलेत.

---

साइटसुपरवायझर_ठाणे

भिंती महिनाभर तरी ओल्या फडक्याने पुसू नका, प्लास्टिक पेंट हाताला लगेच सुकलेला वाटतो पण पूर्ण पक्का व्हायला साधारण चार आठवडे लागतात, आत्ता घासलं तर तेवढा भाग चमकतो नाहीतर रंग निघून येतो. सध्या कोरडं मऊ फडकं, पेन्सिलचे किंवा हलके डाग साध्या खोडरबराने जातात. बाकीच्या ठिकाणी पेंटरला बोलवून हात मारून घ्या, आणि उरलेला रंग त्याला नेऊ देऊ नका, छोट्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, वर शेड नंबर लिहा.

शिंतोडे पाण्याच्या रंगाचे असतील तर टाइलवर ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, निघून येतात. ऑइल पेंटचे असतील तर टर्पेंटाइनचा बोळा, पण मोझॅकवर तो वापरू नका, तिथे कार्डच. काचेला आधी साबणाचं पाणी भरपूर लावा, मग नवीन ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून एकाच दिशेने, कोरड्या काचेवर कधीच नाही. खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात, ती सिमेंटने बुजली असतील तर तारेने मोकळी करून घ्या, नाहीतर जूनमध्ये पाणी आत नव्या भिंतीवर येईल.

---

डोंबिवलीकरीण

बघितली आत्ताच, तीन खिडक्यांची भोकं पूर्ण बुजलेली आहेत. उद्या सकाळी पेंटर आणि माणूस दोघं येतायत तेव्हा तेही त्यांच्याकडूनच करून घेते.